बिनलसणाची फोडणी

झरीत सूर्यभानच्या घरची हळद पुढं बरेच दिवस लोकांच्या तोंडी राहिली, ती जेवणामुळं. वांगं चांगलं शिजलं होतं, वरण दाट होतं, भाकरी तव्यावरून थेट ताटात पडत होती. पण कशातच लसूण नव्हता. चुलाणापाशी घामाघूम झालेला बजरंग आचारी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "माझ्याकडं बघू नका. घरधन्याचा हुकूम हाय. लसणाबिगर फोडणी म्हंजी नवरदेवाबिगर वरात."

लोक हसत होते. सूर्यभानही मांडवाच्या खांबाला टेकून हसल्यासारखं करत होता. लसूण का बंद झाला, ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. ते कारण खरं नव्हतं, एवढं मात्र एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

सूर्यभान गावच्या शाळेत ग्रंथपाल होता. निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली, बायकोही गेली, तरी त्याचं वाचन सुटलं नाही. पुस्तकातल्या माणसांशी त्याचं चांगलं जमे. समोरच्या माणसाशी बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटे. पण घरात इंग्रजी कागद आला, डॉक्टरची चिठ्ठी आली, की तो कागद फिरत फिरत त्याच्याकडंच येई. आपल्याला यातलं धड अर्धंही कळत नाही, ही धास्ती त्याला कायमची होती. पण लोक विश्वासानं विचारत, आणि त्याला नाही म्हणणं कधी जमलं नाही.

म्हणूनच हैदराबादच्या दवाखान्यात नातीचं रक्त तपासायला दिलं, तेव्हा जावयानं फोन नंबरही त्याचाच लिहून दिला होता. "मामाला समजतं सगळं," असं म्हणून.

जावई म्हणजे बुद्धभूषण, सूर्यभानच्या थोरल्या बहिणीचा, सरजाबाईचा मुलगा. सेलूच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. सूर्यभानची लेक सुकेशनी त्याला दिलेली. मामाची मुलगी भाच्याला, यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. उलट ते शब्द पाळल्याचं लग्न होतं. तीस वर्षांपूर्वी सूर्यभान नवी नवरी घेऊन याच घराच्या दारात उभा राहिला, तेव्हा रिवाजाप्रमाणं सरजाबाईनं दार अडवलं होतं. कडेवर वर्षाचा बुद्धभूषण, एक हात चौकटीवर. "लेक देशील का माझ्या पोराला? देशील तर आत ये." सगळ्या घरांत हे होतं. नवरदेव हसत हसत देतो म्हणतो, आणि हळद धुतली जाते तसं ते बोलणंही धुऊन जातं. त्या दिवशी बाया ओरडत होत्या, पाहुणे बघत होते, आणि सूर्यभानला कधी एकदा आत जाऊन तोंड लपवतो असं झालं होतं. तो मान खाली घालून "देतो" म्हणाला. लाजेपोटी. केवळ आत जायला मिळावं म्हणून.

सरजाबाई मात्र ते विसरली नाही. पुढं पोरांचीही एकमेकांवर मर्जी बसली, मग अडायचं काय?

त्यांची अर्पिता दीड वर्षाची होती, पण बघणाऱ्याला सहा महिन्यांची वाटावी. तिनं मान धरली होती, टेकून बसायलाही लागली होती. मग एक ताप आला आणि सगळं मागं गेलं. अंगावर पिसवा चावल्यागत बारीक लाल ठिपके उठत. रडली की पाय जांभळे पडत. जुलाब काही केल्या थांबत नव्हते. सेलू झालं, परभणी झालं, आणि शेवटी कुणीतरी हैदराबादचं नाव सांगितलं.

सूर्यभानच्या मुलाचं, धम्मदीपचं, लग्न आठवड्यावर आलेलं असताना तिथल्या डॉक्टरीण बाईंचा फोन आला. सूर्यभान घरामागच्या कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिला. बाई हिंदीत, सावकाश, थांबून थांबून बोलत होत्या.

आपल्या सगळ्यांच्या अंगात एक वायू तयार होत असतो, त्या म्हणाल्या. सडक्या अंड्याला ज्याचा वास येतो तोच, हायड्रोजन सल्फाइड. अंगातली काही एन्झाइम तो तयार करतात, कारण रक्तवाहिन्या सैल राहायला तो चिमूटभर लागतोच. दुसरी एन्झाइम तो लगेच मोडून टाकतात. चिमटीची मूठ होऊ नये अशी ती व्यवस्था आहे. अर्पिताच्या अंगात मोडणाऱ्यांपैकी एक एन्झाइम जन्मापासूनच काम करत नाही. म्हणून वायू साचतो आणि पेशींचा श्वास कोंडतो. हवा आत येते, पण तिचा उपयोग करून घेता येत नाही.

शाळेच्या पुस्तकात याला विकर म्हणायचे, हे सूर्यभानला आठवलं. त्या धड्याचं पानही डोळ्यांपुढं आलं. त्याचा काही उपयोग नव्हता.

"इलाज?" त्यानं विचारलं.

दोन औषधं होती. एक जुलाबाचं, नेहमीचं. आतड्यातले जंतूही तोच वायू सोडतात, ते मारण्यासाठी. दुसरी पुडी, पाण्यात कालवून द्यायची. गंधक जास्त असलेलं खाणं बेतानं. यानं त्रास थोडा कमी होईल. गेलेलं परत येईल असं मात्र धरू नका, बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आई-वडील नात्यातले आहेत का?"

"मामाची मुलगी," सूर्यभान म्हणाला.

ही खोट आई आणि बाप, दोघांकडूनही आली तरच मुलाला बाधते. एकाकडून आली तर माणूस काही न होता शंभर वर्षं जगतो; त्याला पत्ताही लागत नाही. एकाच घराण्यातली खोट दोन्ही बाजूंनी खाली उतरली असणार. यापुढच्या प्रत्येक बाळाला चारात एक धोका आहे. दिवस राहिले तर तिसरा महिना सरायच्या आत या, आधीच तपासता येतं. "मला त्या दोघांशी बोलायचं आहे. त्यांचा नंबर द्या."

"मी सांगतो," सूर्यभान म्हणाला. "घरात लग्न आहे. झालं की घेऊन येतो."

फोन ठेवल्यावर तो कडुनिंबाखाली उभाच राहिला. त्याच्या आणि सरजाबाईच्या आईपासून किंवा बापापासून एक काहीतरी खाली आलं होतं. एक फांदी सेलूला गेली, एक झरीत राहिली. पुन्हा त्या दोन्ही फांद्या त्यानंच एकत्र बांधल्या. आईबापांपैकी कुणी ते दिलं, हे विचारायलाही आता कुणी नव्हतं.

संध्याकाळी बुद्धभूषण मोटरसायकलवर सुकेशनीला आणि अर्पिताला घेऊन आला. मागून बसनं सरजाबाई आली. लग्नघरात आत्याला काम काय कमी. आल्या आल्या तिनं पदर खोचला आणि मसाल्याच्या लसणाचं सूप पुढं ओढलं.

"मामा, काय निघालं तपासनीत?" बुद्धभूषण हातपाय धुऊन समोर बसला.

सूर्यभाननं वाक्यं जुळवून ठेवली होती. "भूषण, तुमच्या जिनात सरकी निराळी होताना तंतू उडतो. त्याला ओढून बाहेर टाकायला पंखा असतो ना?"

"आसतो की. बंद पडला तर घडीभरात मानसाला मानूस दिसत न्हाई. नाकातोंडात कापूस."

"तसं आपल्या अंगात एक विषारी हवा होते. थोडी, सगळ्यांनाच. ती बाहेर टाकायला पंख्यासारखी एक वस्तू असते. आपल्या अर्पितात तो पंखा चालत न्हाई."

बुद्धभूषणनं मान हलवली. यंत्राची गोष्ट त्याला लगेच कळली, आणि कळली तसा त्याचा चेहरा उतरला. "आमी पंखा बिघडला तर नवा बसवताव. हिचा कुठं भेटतो?"

"कुठंच न्हाई."

चुलीजवळ बसलेली सुकेशनी अर्पिताला चमच्यानं पेज पाजत होती. चमचा हातातच राहिला. पेज अर्पिताच्या गालावरून ओघळली.

"पन मामा," बुद्धभूषण म्हणाला, "चालून चालून बिघडतो तो पंखा. हिचं तर मशीनच नवं. म्हंजी कारखान्यातूनच खराब आला. कशामुळं आला आसा?"

हाच तो प्रश्न. सूर्यभाननं तोंड उघडलं. समोर सरजाबाई लसूण सोलत होती, मान वर करून त्याच्याकडं बघत होती. भूषण बघत होता. सुकेशनी बघत होती. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तोच जुना विश्वास, मामाला समजतं सगळं. त्याची नजर त्यांच्यावरून सरकत सुपातल्या पांढऱ्या पाकळ्यांवर येऊन पडली.

"गंधक," तो म्हणाला. "त्या हवेत गंधक असतं. लसणात लय असतं ते. आजपासून घरात लसूण नको."

हे तसं खोटं नव्हतं. पण विचारलं होतं एक आणि त्यानं सांगितलं भलतंच.

सरजाबाईच्या हातातली पाकळी गळाली. "आरं देवा. म्हंजी, देव-बिव मी मानत न्हाई, पन आरं देवा. बाळंतपनात मीच तर चारला हिला. लसनाची खीर, लसनाची चटनी."

मग तिनंच सूर बदलला. "पन मी वाटीभर करत होते. ही पातेलं पुसून खायची."

"तुमीच म्हनायच्या ना आत्या, दूध उतरतं म्हनून," सुकेशनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. अर्पिताचा गाल पदरानं पुसून ती उठली, आत्याच्या पुढ्यातलं सूप उचललं आणि मागच्या दारी नेऊन उकिरड्यावर उपडं केलं.

आता सांगायला हवं, असं सूर्यभानला त्याच क्षणी वाटलं. रात्री वाटलं. सकाळीही वाटलं. पण मांडवाचे वासे आले, पत्रिका वाटणारे आले, पेडगावहून नवरीकडचे आले. आणि मनातली वाक्यं कच्च्या भिंतीसारखी जरा धक्का लागला की ढासळत. एकदा तो बुद्धभूषणला बोलवायला गेलाही. भूषण शिडीवर चढून मांडवाचं कापड बांधत होता.

"बोला ना मामा."

"लग्न झालं की हैदराबादला जाऊ. तुमी दोघं नि मी."

"औषध आनायला?"

"हां," सूर्यभान म्हणाला, आणि शिडी धरून उभा राहिला. शिडी पक्की होती, धरायची गरज नव्हती.

पुडीचं औषध परभणीतून आणलं होतं. ते पाण्यात कालवलं की सडक्या अंड्याचा भपकारा येई. हळदीच्या आदल्या दुपारी सुकेशनी ते अर्पिताला थेंब थेंब पाजत ओसरीवर बसली होती. सूर्यभान जवळ जाऊन बसला. आज ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं.

"आप्पा, औषधालाबी त्याचाच वास यायलाय," ती म्हणाली.

"हां. गंधक गंधकाला बांधून नेतं, असं काहीसं असतं. मला नीट कळलं न्हाई."

"तुमाला न्हाई कळलं तर कुनाला कळायचं." तिनं वाटी खाली ठेवली. अर्पिताची मान आपल्या दंडावर नीट बसवली. मग त्याच्याकडं न बघता म्हणाली, "तुमाला सांगायचं होतं. दुसरं राहिलंय. दोन महिने झाले. आत्याला म्हाईत हाय, ह्यांनाबी."

सूर्यभाननं खाली ठेवलेली वाटी उगाच बाजूला सरकवली.

"मी ठेवनार नव्हते. हिलाच बघायला दोन हात पुरंनात. पन तुमी लसनाचं सांगितलं, मंग जिवात जीव आला. कारन तर कळलं. आता वासबी घेत न्हाई मी. काल शेजारनीनं चटनी दिली, ताट परत केलं." ती पहिल्यांदा त्याच्याकडं वळली. "हे चांगलं होईल ना, आप्पा?"

तिचे डोळे तिच्या आईसारखे होते. अर्पिताच्या नखांखाली निळसर छटा होती. त्याला म्हणायचं होतं, बाई, लसणाचा काही दोष नाही, तुझा नाही, हे माझ्या आणि माझ्या बहिणीच्या रक्तातून आलंय. चारात तीनदा चांगलं होईल, पण एकदा असंच होईल, आणि तो एकदा कोणता हे विचारायला आपल्याला लगेच जायला हवं.

"होईल," तो म्हणाला.

तीस वर्षांपूर्वी दारात निघाला होता तसाच तो शब्द निघाला, मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी बिनलसणाची हळद झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी पेडगावला धम्मदीपचं लग्न लागलं. पांढऱ्या साडीतली नीलम, त्रिशरण, पंचशील, पुष्पहार, आणि मग जेवणं. तिथल्या भाजीत लसूण होता. सुकेशनीनं ताटाला हात लावला नाही. नुसता भात दह्याशी कालवून खाल्ला. सूर्यभान समोरच्या पंगतीत बसून ते बघत होता. त्याच्याही ताटातली भाजी तशीच राहिली.

दिवस कलता कलता जीपा झरीला परतल्या. माघाची थंडी उतरायला लागली होती. वाजंत्री दारापर्यंत वाजत आली आणि थांबली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं होतं. धम्मदीप आणि नीलम पुढं झाले, तशा बायांनी सुकेशनीला पाठीमागून ढकललं. "जा की गं. दार आडव. तुझा मान हाय."

सुकेशनी अर्पिताला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. एक हात चौकटीवर. लेकरू कडेवर, हात तिथंच. सूर्यभान गर्दीत मागं होता. समोर त्याला सुकेशनी दिसत होती आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली सरजाबाई.

"माग की, सुकेशने. लेक माग."

"हिला कशाला लेक? हिची तर पोरगी हाय."

"पोटातल्यासाठी माग म्हनावं," सरजाबाई म्हणाली, आणि बाया खदखदल्या.

सुकेशनी हसली. कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती. लग्नाचं घर, भावाचं तोंड, आणि पोटातलं यावेळी चांगलं होणार हा भरवसा. "धम्या, लेक देशील का माझ्या पोराला? देशील तरच आत ये."

"आदी लसून घालून जेवू घाल," धम्मदीप म्हणाला. "आठ दिस झाले, तोंडाला चव न्हाई."

"नीट बोल. देशील का?"

नीलमनं खाली मान घालून ओठ दाबून हसू आवरलं. धम्मदीपनं बायकोकडं एकदा पाहिलं, छाती फुगवली आणि तोंड उघडलं.

"देऊ नको."

सूर्यभान मोठ्यानं बोलला नव्हता. मोठ्यानं त्याला कधी बोलताच आलं नव्हतं. पण वाजंत्री थांबलेली होती, त्यामुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं. माणसं बाजूला झाली. त्याच्यापुढं दारापर्यंत मोकळी वाट पडली आणि त्या वाटेनं सगळे त्याच्याकडं बघू लागले.

"आरं, खेळ हाय ह्यो, सूर्या," सरजाबाई म्हणाली.

"तवाबी खेळच होता, आक्का."

सरजाबाईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं हसणं गेलं.

"आप्पा?" सुकेशनीनं विचारलं. "काय झालं?"

तो चालत उंबऱ्यापर्यंत आला. एवढ्या लोकांत हे सांगायचं नव्हतं. ओसरीवर सांगायचं होतं, ती एकटी असताना. ती वेळ गेली होती. त्याला धाप लागली होती. श्वास येत होता, पण पुरत नव्हता.

"लसणानं झालं न्हाई, बाई," तो म्हणाला. "तू खाल्लं म्हणून न्हाई झालं. लसूण सोडून काही होणार न्हाई."

"मंग कशानं?"

त्यानं सरजाबाईकडं पाहिलं. मग गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या बुद्धभूषणकडं, ज्याच्या हातात धम्मदीपचा फेटा होता. मग पुन्हा लेकीकडं. एवढी पुस्तकं वाचली, पण याला लागणारा शब्द कुठल्याच पुस्तकात सापडला नव्हता. त्यानं नुसता हात उचलला आणि सरजाबाईकडून स्वतःकडं, स्वतःकडून त्या दोघांकडं असा फिरवला.

बुद्धभूषणला यंत्राची गोष्ट नेहमी लवकर कळत असे. त्याच्या हातातला फेटा खाली गेला. "कारखाना," तो पुटपुटला.

सरजाबाईनं सुनेच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. तो कुठं ठेवावा, हे तिला कळेना. चौकटीला लावला, तोही काढून घेतला.

सुकेशनीचा हात चौकटीवरून हळूहळू खाली उतरला आणि पोटावर येऊन थांबला.

"तिसरा महिना सरला न्हाई अजून," सूर्यभान म्हणाला. "तपासता येतं, डॉक्टरीण बाई म्हणाल्या. उद्या निघू."

"आनि तपासून?" ती म्हणाली.

पुस्तकातलं उत्तर त्याला माहीत होतं, तिचं माहीत नव्हतं.

उंबऱ्यापलीकडं नीलम एक पाय जरा उचलून उभी होती. तांदळाच्या मापाला पाय लावायचा की नाही, हे सांगायचं कुणाला सुचत नव्हतं, आणि विचारायचं तिला. अर्पिताची मान आईच्या खांद्यावर कलंडली. थंडीनं तिची पावलं जांभळी पडली होती. सूर्यभाननं ती दोन्ही पावलं आपल्या तळव्यांत धरली आणि चोळत राहिला. तेवढं त्याला येत होतं. पावलं गरम होत नव्हती. तरी तो चोळत राहिला, आणि दारात कुणीच कुणाला आत ये म्हणालं नाही.